अंधाराची साक्ष

अंधारांत घेतलेली चित्रफीत पडद्यावर लावली म्हणजे काळ्या भागांत रंगीबेरंगी दाणे वळवळूं लागतात. या दाण्यांना त्या धंद्यांतील मंडळी ‘नॉईज’ म्हणतात, आणि ते कसे घालवावे याविषयीं त्यांच्यांत अखंड खल चाललेला असतो. ते घालवितां येतात, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. पण ते घालवितांना कॅमेऱ्यानें पाहिलेलें आणि आपण त्यास पढविलेलें यांची सरमिसळ तर होत नाहीं ना, हा प्रश्न नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रश्न नुसता तर्काचा राहूं नये म्हणून रत्नागिरी जिल्ह्याचा किनाराच घेऊं. वेळास, आंजर्ले, गुहागर येथील पुळणींवर हिंवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीं अंडीं घालण्यास येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं संरक्षणाचें काम आरंभिलें, आणि आज इतरही गांवांतील माणसें हीं घरटीं राखतात. तेथील रात्रीचें चित्रण करावयाचें तर दिवा लावावयाचा नाहीं, हा पहिला नियम. प्रखर उजेड दिसला कीं वर येणारी मादी अंडीं न घालतांच माघारी वळण्याचा संभव असतो. पिल्लें तर समुद्रावरील उजळ क्षितिजाच्या रोखानें धांवणारीं, त्यांस विजेचा दिवा उलट दिशेस ओढून नेतो. स्वच्छ चित्राचा जो राजमार्ग, प्रकाश वाढविणें, तोच येथें निषिद्ध. चित्रांतील दाणे ही त्या संयमाची किंमत आहे, आणि ती कासवानें द्यावी असें कोणीही म्हणणार नाहीं.

हे दाणे येतात कोठून? मृगाचे पहिले थेंब जांभ्याच्या अंगणांत पडतात तेव्हां एका चिऱ्यावर तीन, शेजारच्यावर एकही नाहीं, असा प्रकार असतो. आषाढाची सर कोसळूं लागली म्हणजे सारे चिरे सारखे भिजतात. सेन्सरच्या सूक्ष्म घरांवर पडणाऱ्या प्रकाशकणांची गोष्ट हीच. एका घरांत सरासरीनें १०,००० कण पडावयाचे असतील तर सुमारें १०० कणांचा चढउतार होतो, म्हणजे शेंकडा एक. १०० च पडावयाचे असतील तर दहांचा, म्हणजे शेंकडा दहा. हा चढउतार प्रकाशाच्या स्वभावांतच आहे. कितीही महाग कॅमेरा घेतला तरी तो चुकत नाहीं. यंत्राचे स्वतःचे दोष त्यावर आणखी चढतात: तापलेला सेन्सर मिट्ट काळोखांतही खोटे संकेत देतो, आणि त्याचीं कांहीं घरें तर सदाच पेटलेलीं दिसतात. आयएसओ वाढविल्यानें प्रकाश वाढत नाहीं. जें थोडें आलें आहे तेंच, चढउतारासकट, मोठ्यानें सांगितलें जातें.

याला निष्कपट उपाय आहेत. मोठ्या तोंडाचें भिंग लावावें, सेन्सर मोठा असावा, सेकंदास २५ चित्रें घेतांना प्रत्येकास १/२५ सेकंदाचा पूर्ण अवधि द्यावा, कॅमेरा तिपाईवर ठेवावा. एकाच स्थिर देखाव्याच्या १६ चित्रांची सरासरी काढली तर दाणे चौथाईवर येतात. सोळा साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहण्यासारखें हें आहे; कोणाच्या तोंडीं नवे शब्द घातले जात नाहींत. अडचण इतकीच कीं मादी मागच्या वल्ह्यांनीं खड्डा उकरीत असते, तिला सोळा चित्रें होईपर्यंत थांब म्हणून सांगतां येत नाहीं, आणि सरासरींत तिचीं वल्हीं धुरासारखीं पुसट होतात.

म्हणून आतां दुसऱ्या जातीचें साधन पुढें आलें आहे. असंख्य चित्रांवर शिकविलेला प्रोग्राम दाणेदार चित्र पाहतो आणि तेथें काय असावें तें आपल्या पूर्वानुभवानें भरून काढतो. परिणाम मोहक असतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ सालीं धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्यें गुहागरला अंडीं घालतांना आढळली, ती गोष्ट पाहा. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवें निरनिराळीं, या समजुतीस तिनें धक्का दिला. आणि हें सारें पट्टीवरील ०३२३३ या पांच आंकड्यांवर उभें आहे. असा क्रमांक अंधुक चित्रफितींतून वाचण्याचा प्रसंग आला आणि प्रोग्रामनें एका दाणेदार ३ चा सुबक ८ केला, तर वेगळ्याच कासवाचा वेगळाच प्रवास नोंदला जाईल, आणि तो ८ इतका स्वच्छ असेल कीं कोणास संशयही येणार नाहीं. ही भीति काल्पनिक नव्हे. २०१३ सालीं जर्मनींत डेव्हिड क्रीझेल यांनीं दाखवून दिलें कीं झेरॉक्स कंपनीचीं कांहीं यंत्रें कागद स्कॅन करतांना ६ च्या जागीं ८ उमटवीत होतीं. सारखे दिसणारे तुकडे एकच मानून जागा वाचविण्याची ती युक्ति होती. पुसट अक्षर वाचणारास निदान सावध करतें. तेथें आंकडा चुकीचा आणि छपाई निर्दोष.

कोणी म्हणेल, मनुष्याचा डोळा तरी दुसरें काय करतो? वेदान्त्यांचा रज्जुसर्पही मंद प्रकाशांतलाच. हें खरें, परंतु ज्यास दोरी सापासारखी दिसली तो दिवा आणून पुन्हां पाहूं शकतो. चित्रफितीला ती रात्र पुन्हां मिळत नाहीं. लग्नकार्याच्या फितींतून कोणी दाणे घालविले तर आमची तक्रार नाहीं. त्या फितीवर शपथ कोण घेतो? नोंद म्हणून जें ठेवावयाचें त्याची मूळ प्रत मात्र दाण्यांसकट जपावी, सुधारलेली प्रत सुधारलेली म्हणूनच दाखवावी, आणि न वाचतां आलेल्या आंकड्याच्या जागीं वहींत रेघ ओढावी.

अंडीं घालून, खड्डा बुजवून मादी समुद्राकडे वळते तेव्हां तिच्या कवचावर ओली वाळू चिकटलेली असते. त्या वाळूचे कण कोणते आणि सेन्सरचे दाणे कोणते, हें प्रोग्रामला पुष्कळदां ओळखतां येत नाहीं. तो दोन्ही पुसून टाकतो, आणि पडद्यावर मादी नुकतीच धुऊन काढल्यासारखी चकचकीत दिसते.