वटवाघळं, भूतदया आणि आपण

आपल्या अंकात वटवाघळं कशाला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण गणपतीपुळ्याकडे जुनी जांभ्याची कौलारू घरं आहेत. त्यांच्या आढ्यात ही जनावरं राहतात आणि पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांना ती आता नको झालीत. हाकलायला माणूस लागतो. एका लॉजवाल्यानं मलाच बोलावलं. धूर कर, भोकं बुजव, मेलेली उचल. हे शेवटचं काम आपल्याकडे कसं येतं, ते वेगळं सांगायला नको.

भूतदया या शब्दाची मला चीड आहे. १९२७ पर्यंत महाडच्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, आपल्याला बंदी होती. तेव्हा कुणी जनावरावर दया करा म्हटलं की आधी संशय येतो. येणारच. पण त्या रागापोटी मुकं जनावर धुरात कोंडायचं? बाबासाहेब करुणेवर थांबले नाहीत. करुणा माणसापुरती, मैत्री सगळ्या जीवांसाठी, असं त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मांडलं. मारण्याची गरज वेगळी, मारण्याची इच्छा वेगळी, हेही त्यांचंच. घर मोकळं करणं ही गरज असेल. धूर ही मात्र इच्छाच, कारण दुसरी वाट आहे.

ती वाट अशी. तिन्हीसांजेला ती कुठून बाहेर पडतात ते दोनचार दिवस बघायचं. बाकीच्या फटी बुजवायच्या. मुख्य भोकावर जाळी वरून आणि बाजूंनी ठोकायची, खाली मोकळी सोडायची. जनावर सरपटत खालून निघतं, परतताना भोकाशीच धडकतं, आत जात नाही. काही रात्रींनी आत कुणी नाही याची खात्री करून भोक बंद. फक्त आत पिल्लं असताना नाही. बहुतेक जातींत मादीला एका वेळी एकच पिल्लू, अंगावर पिणारं. आई बाहेर राहिली तर ते आत उपाशी मरतं. काही जाती वर्षातून दोनदा वितात, म्हणून महिन्यावर भरवसा न ठेवता आधी बघायचंच.

आणि लेंड्या? त्या वाळल्या की धूळ छातीत जाते, फुप्फुसाचा रोग होऊ शकतो. पाणी मारून, तोंड-नाक नीट झाकून, हातमोजे घालूनच त्या काढायच्या. जनावर चावलं तर जखम साबणानं धुऊन ताबडतोब दवाखाना गाठायचा, रेबीजची भीती असते. जाळीचं ऐकून लॉजवाला खूश झाला, "बिचारी" म्हणाला. हातमोज्यांचे पैसे मागितले तर तोंड फिरवलं. मी काम सोडलं.

वस्तीतला एक पोरगा म्हणाला, "दादा, तू सोडलंस, उद्या मी जाईन. पोटाचं काय?" बरोबर आहे त्याचं. एकट्यानं नाही म्हणून भागत नाही. चार वस्त्यांनी बसून जाळीचा दर, लेंड्यांचा दर आणि हातमोजे-मास्क मालकाचे, एवढं आधी ठरवावं.