रक्त कमी, की रक्त जातंय?

जालन्यात मस्तगडच्या गल्ल्यांत, खरं तर मराठवाड्यात कुठेही, ‘रक्त कमी आहे’ हे ऐकून कुणी दचकत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. घरोघरचंच दुखणं. गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या घ्या, फार तर सलाईन लावा, विषय संपला.

माझा आक्षेप या ‘विषय संपला’ला आहे. साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन 8 वर येतं तेव्हा ना पाळीचं कारण, ना बाळंतपणाचं. मग रक्त जातंय कुठे? कधी मोठ्या आतड्यातल्या गाठीतून.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्त किती उतरणार, हे गाठ कुठे आहे यावर बरंच ठरतं. गुदाशयाजवळ असेल तर रक्त निदान दिसतं (आणि मूळव्याध म्हणून झटकलं जातं, तो वेगळाच घोळ). उजवीकडे, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, पोकळी रुंद आणि मळ पातळ. गाठ वाट न अडवता वाढते, झिरपते, आणि रक्त मळात मिसळून जातं. 1 मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम शोषतं. रोज चमचाभर रक्त गेलं तरी जमेपेक्षा खर्च जास्त, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. उतारवय, मोठी गाठ, पुढे गेलेला आजार यांनी रक्तक्षयाचा धोका वाढतो. दाहामुळे यकृतातलं हेपसिडिन हे संप्रेरक वाढतं आणि साठ्यातलं लोहही अडकून पडतं. पुढे केमोथेरपीची भर पडते ती वेगळीच.

या यादीत मी आपली सवयही धरतो. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईलाही ‘बायकांचं असतंच’ म्हणायचं. रोलिंग मिलमधल्या कामगाराची धाप भट्टीवर ढकलायची. गोळ्यांनी एचबी थोडं चढतं, घरचे खूश होतात, गाठ तिथेच असते. शिवाय गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्यामुळे रक्ताने आलेला काळेपणाही खपून जातो.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, कागदावर सगळे हिमोग्लोबिनच्या ओळीशी थांबतात. खाली एमसीव्ही 80 च्या आत असेल, म्हणजे लाल पेशी लहान असतील, तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, पाहावं. तेही कमी निघालं तर पुरुषाने, आणि पाळी गेलेल्या बाईने, दुर्बिणीच्या तपासणीचं (मोठ्या आतड्यासाठी कोलोनोस्कोपी) डॉक्टरांना विचारावंच. प्रत्येक फिकट चेहऱ्यामागे कॅन्सर नसतो. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमीच आढळतो. कोलोनोस्कोपी ठरली तर लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, नाहीतर काळा मळ आतड्याला चिकटून राहतो आणि आतलं नीट दिसत नाही.