वाऱ्याचा घाट

सायकलवाल्या मंडळींत मान असतो तो घाटाला. खंबाटकी कोण न थांबता चढला, वरंध्यात कुणाला पाय टेकावा लागला, याच्या गप्पा रविवारच्या मिसळीबरोबर रंगतात. सपाट मुलखात आठवडाभर सायकल हाणून आलेल्याला मात्र कुणी काही विचारत नाही. "मजाच की मग, नुसतं पॅडल मारायचं!" एवढ्यावर विषय मिटतो. नेदरलँड्समध्ये उत्तर हॉलंडपासून फ्लेव्होलँडपर्यंतच्या पट्ट्यात सायकल चालवल्यापासून मला हे पटेनासं झालं आहे. घाट चढताना माणूस बहुतेक वेळ स्वतःच्या मांड्या, स्वतःचा श्वास आणि स्वतःचा गिअर यांतच अडकलेला असतो. सपाटीवर नजर मोकळी असते, आणि तिथली सपाटी आयती मिळालेली नसल्यामुळे त्या नजरेला काम भरपूर असतं.

आधी वाऱ्याचं. घाटाचा व्यवहार रोखठोक: चढ किती, लांबी किती हे आधी कळतं, आणि माथ्यावर पोचलं की उतार हक्काचा. वारा असलं काही कबूल करत नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे ताशी १८ किलोमीटरने चाललेल्या माणसाला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर हवा त्याला चौपट जोराने मागे रेटते. तेही उघड्या बांधावर, जिथे आडोशाला झुडूपसुद्धा नसतं. येताना तोच वारा पाठीशी असेल, फिटंफाट होईल, या भरवशावर राहू नये. जाताना ताशी १२ आणि येताना २४ असा वेग पडला, तर पूर्ण फेरीची सरासरी १८ येत नाही, १६ येते. वाईट वेगाने आपण जास्त वेळ चाललेले असतो, दुसरं काय.

डच माणसांनी याची स्पर्धाच करून टाकली आहे. झीलंड प्रांतात समुद्राच्या तोंडावर ओस्टरस्खेल्डेचा वादळबांध आहे, सुमारे नऊ किलोमीटर लांब. वादळाचा अंदाज आला की दोन-चार दिवस आधी दवंडी पिटतात आणि त्या बांधावर 'समोरच्या वाऱ्याची' राष्ट्रीय सायकल स्पर्धा भरते. सायकली सगळ्यांना सारख्याच: ताठ बसायच्या, बिनगिअरच्या, घरगुती. एकेकट्याने सुटायचं आणि वाऱ्याला छाती देत साडेआठ किलोमीटर काढायचे. माझ्या मते सायकलच्या जगातली ही सर्वांत शहाणी स्पर्धा आहे. खेळाडूंनी काय अंगावर घालावं आणि सायकल किती ग्रॅमची असावी, या चर्चेला तिथे वावच नाही.

तो बांध मात्र खेळासाठी घातलेला नाही. १९५३ साली, ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री, उत्तर समुद्राचं पाणी वादळाबरोबर आत घुसलं आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर जी डेल्टा योजना आखली गेली, तिचा हा भाग १९८६ मध्ये पुरा झाला. सपाट मुलखातला वारा आणि सपाट मुलखातला पूर समुद्राच्या एकाच दारातून येतात.

आता जमिनीचं. ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेला बेमस्टर नावाचा प्रदेश आहे. तिथे पूर्वी मोठं सरोवर होतं. पवनचक्क्या लावून त्यातलं पाणी उपसलं आणि १६१२ मध्ये तळ कोरडा केला. आज तिथे काटकोनात आखलेले रस्ते, चर आणि शेतं आहेत, समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली. भोवती कडं केल्यासारखा बांध, त्याला लागून कालवा. त्या बांधावरून सायकल चालवताना डावीकडे टायरच्या जरासंच खाली पाणी असतं, आणि उजवीकडे, त्या पाण्याच्याही खाली, गवतात बसलेल्या गाई. कालव्यातून नाव जाते ती गाईंच्या डोक्यावरून. मोटारीतून हे दिसतं आणि निघून जातं. सायकलीवर बांधाचा चढ दोन-चार पॅडलांचा असतो; पण दिवसभरातला तेवढाच चढ असल्यामुळे पाय त्याची नोंद ठेवतात. एरवी मीटरभर उंचीला कोण विचारतो? इथे त्या मीटरवर घर कोरडं राहायचं की नाही हे ठरतं.

स्खोकलँड ही जागा तर मुद्दाम वाट वाकडी करून बघण्यासारखी आहे. झौडरझे नावाच्या उथळ समुद्रातलं हे एक चिंचोळं बेट. लाटा ते कुरतडत गेल्या, जगणं अशक्य झालं, आणि १८५९ मध्ये राजाच्या हुकमाने बेट रिकामं केलं गेलं. पुढे कॉर्नेलिस लेली या इंजिनिअरच्या आराखड्यानुसार १९३२ मध्ये ३२ किलोमीटरच्या बांधाने झौडरझेचं तोंड बुजवलं, आतल्या भागात एकेक करून पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यातून काढलेल्या जमिनी, तयार केले गेले, आणि १९४२ मध्ये या बेटाभोवतीची जमीन उघडी पडली. आता सायकलीवरून बेटावर जाता येतं. शेतातून जाणारा रस्ता किंचित वर चढतो. तो चढला की आपण जुन्या किनाऱ्यावर. तिथे बंदर आहे, गलबतं लावायचा लाकडी धक्का आहे, आणि धक्क्याला पाण्याऐवजी गवत लागलेलं आहे. आसपासच्या पोल्डरांत, नांगराला बुडालेल्या गलबतांचे सांगाडे लागले, चारशेहून अधिक. काही ठिकाणी खांबावर निळं जहाज लावून जागा दाखवली आहे. बटाट्याच्या शेतात ही खूण बघितली की आपण समुद्राच्या तळाशी पंक्चर काढत बसलो आहोत हे उमगतं.

अशा मुलखात चुकायला होतं, आणि तेही सगळं दिसत असताना. क्षितिजापर्यंत नजर जाते, पण सुळका नाही, खिंड नाही, ओळखीचा एखादा वड नाही. यावर तिथल्या सायकलमार्गांवर एक झकास तोड आहे: प्रत्येक चौफुलीला आकडा दिलेला असतो. सकाळी कागदावर २३, ४७, ५१ असं लिहून घ्यायचं आणि पाट्या बघत निघायचं. ही पद्धत १९९५ मध्ये शेजारच्या बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात सुरू झाली, आणि ती सुचली ह्युगो बोलेन या खाण-इंजिनिअरला. कोळशाच्या खाणीत बोगद्यांच्या वाटा जशा सापडतात, तशा त्याने जमिनीवर सापडवून दिल्या. उघड्या आभाळाखाली वाट शोधायला भुयारातली अक्कल कामी आली, याची मला अजून गंमत वाटते.

पण हे सगळं टिकतं कशावर? पंप रोज चालतात यावर, आणि पंप कुणी चालवायचे याबद्दल आठशे वर्षं कुणाच्या मनात फारसा घोळ नाही यावर. पाण्याची मंडळं ही तिथली संसदेपेक्षा कितीतरी जुनी संस्था. ऱ्हाइनलँडच्या मंडळाचा उल्लेख १२५५ च्या सनदेत सापडतो. आजही २१ मंडळं आहेत, त्यांचा वेगळा कर आहे, दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. मध्ययुगात एक कडक रीत होती. ज्याच्या वाटणीचा बांध त्याच्याच्याने राखवत नसे, तो आपलं फावडं बांधात रोवून जमीन सोडून निघून जाई. जो ते फावडं उपटे, जमीन त्याची आणि बांधाची डागडुजीही त्याचीच. निर्दय कायदा खरा. पण बांध दुसऱ्या दिवशीसुद्धा कुणाच्यातरी नावावर असे.

याला काळी बाजूही आहे, आणि पवनचक्क्यांच्या फोटोंत ती येत नाही. दलदलीची माती म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पती. पाणी काढलं की ती वाळते, हवा लागून झिजते आणि जमीन खाली बसते. मग पाणी आणखी खाली न्यावं लागतं, जमीन आणखी बसते. इंग्लंडमधल्या फेन्स या दलदलीच्या मुलखात, होम फेन इथे, १८५१ च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीत गाडला, त्याचं डोकं मातीबरोबर ठेवून. आज तो सुमारे चार मीटर वर उभा आहे. खांब जागचा हलला नाही.

समुद्राकडून बांध घालून घेतलेली जमीन आपल्याकडेही आहे. मुंबईचा सायकलवाला भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरतो आणि किनारा धरून अलिबागकडे जातो. पोयनाडकडे वळलं, तर धरमतरच्या खाडीकाठी खारेपाट लागतो: खाऱ्या पाण्याला बांध घालून भातासाठी काढलेली जमीन, भरती अडवून ओहोटीला पाणी सोडणाऱ्या उघाड्या, आणि हॉलंडइतकंच मोठं आभाळ. चरीचा १९३३ ते १९३९ चा शेतकरी संप याच पट्ट्यातला. गोव्यात दिवाडी-चोडणच्या खाजणांत उघाड्यांचं हे काम मानशी करतात. भरती आली की त्यांची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. हे बांध गावकी पिढ्यान्‌पिढ्या राखत आली. महाराष्ट्रात पुढे खारभूमीसाठी कायदा आला, १९७९ मध्ये, खातं आलं. आता बांधाला खांड पडली की अर्ज जातो. अर्जाचं उत्तर येईतो उधाण थांबत नाही. शेतात खारं पाणी भरतं, भात जातो, आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभं राहतं. कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन अजून भाताची आहे, तेही खरं आहे. दोन्ही बाजूंची कागदपत्रं व्यवस्थित आहेत. फावडं तेवढं कुणाच्या नावावर नाही.