कोऱ्या पन्नीची जाहिरात

दिवाळी सरली आणि मंडई-शंकरपटांचे दिवस आले, की गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या रस्त्यांवरून भोंगा बांधलेली गाडी फिरू लागते. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांची ती दवंडी असते. वडशाच्या नाटक कंपन्यांनी नाटकाच्या नावाला शक्य तितका भडक रंग चढवलेला असतो आणि नटनट्यांच्या छायाचित्रांची पत्रके वाटेवरच्या धुळीत उडत असतात. शहरी अभिरुचीला ही जाहिरात ओबडधोबड, क्वचित अशिष्टही वाटेल. परंतु सकाळी भोंग्यावरून जे अभिवचन दिले, त्याचा हिशेब त्याच रात्री, त्याच गावच्या मंडपात, तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर चुकता करावा लागतो, हा तिचा गुण मला फार मोलाचा वाटतो. याच तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे, ज्यांचा 2023 साली पद्मश्रीने गौरव झाला, त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोग केले ते अशाच रोजच्या झडतीला सामोरे जात.

बोलणारा उत्तर देण्यास बांधलेला आहे काय, हा प्रश्न जाहिरातींविषयीच्या आपल्या वादांत क्वचितच विचारला जातो. जाहिरात कल्पक आहे काय आणि तिने कोणाच्या भावना दुखावल्या, एवढ्यावरच आपली सारी चर्चा खर्ची पडते. 1995 साली मिलिंद सोमण आणि मधु सप्रे यांनी अंगावर अजगर आणि पायांत बूट, याखेरीज काहीही न लेवता एका जाहिरातीसाठी छायाचित्र काढून घेतले, तेव्हा मुंबईत अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि दोघांची निर्दोष सुटका होईपर्यंत 2009 साल उजाडले. त्या चित्राचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. त्याने कोणाचा प्राण घेतला नाही, इतकेच नमूद करतो. खटला सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी क्रिकेटचा विश्वचषक मात्र उघडउघड एका सिगारेटच्या नावाने खेळला गेला, त्यातला ऑस्ट्रेलिया-झिंबाब्वे सामना आमच्या नागपुरात झाला, आणि ज्या मुलांनी तो डोळे विस्फारून पाहिला त्यांच्या वतीने अश्लीलतेची फिर्याद घेऊन कोणी कचेरीची पायरी चढले नाही. पुढे 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीस मनाई झाली. तेव्हा तेच नाव, तोच रंग आणि तोच दिमाख वेलचीच्या नि पानमसाल्याच्या पुडीवर जाऊन बसला. जी वस्तू विकायची तिचे नावही न घेता ती विकण्याची ही युक्ती कल्पक आहे, यात शंका नाही. आणि मी जिला अश्लील म्हणेन ती हीच.

आता कुरखेड्याच्या एखाद्या पानठेल्यापाशी क्षणभर उभे राहावे. ठेलेवाला सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घेतो, पन्नी दुमडून तळहाताने रेटून रेटून घोटतो, आणि मिश्रण ओलसर होऊन एकजीव झाले की तीच पन्नी गुंडाळून पुडी पुढे करतो. हा खर्रा. त्याला छाप नाही, नाव नाही, त्याच्यासाठी कोणी नट पडद्यावर हसत नाही. पाहुण्यापुढे पुडी उघडण्याचा शिष्टाचार, हाच त्याचा इश्तिहार. तंबाखूच्या वेष्टनाचा 85 टक्के भाग धोक्याच्या सूचनेने व्यापावा, असा 2016 पासून सरकारी दंडक आहे, आणि त्याप्रमाणे कर्करोगाने विद्रूप झालेल्या तोंडाचे चित्र छापलेही जाते. परंतु ते वेष्टन ठेलेवाल्याच्या डब्याआड राहते आणि गिऱ्हाइकाच्या हाती येते ती कोरी, पारदर्शक पन्नी. ज्याच्यासाठी चित्र छापले, त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

चित्रपटगृहांत एके काळी दाखवली जाणारी मुकेशची जाहिरात मी नागपुरात प्रथम पाहिली. भुसावळचा तो तरुण, नाकात नळी, आवाज थकलेला. आपण केवळ वर्षभर गुटखा खाल्ला, एवढेच तो सांगतो, आणि वयाच्या 24 व्या वर्षी तो वारल्याचे आपल्याला कळते. प्रेक्षागृहात माझ्या मागे कोणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली आणि दोन-तीन रांगा हसल्या. ही जाहिरात क्रूर आहे, करमणुकीच्या घटकेला विरजण घालणारी आहे, असा आक्षेप सुशिक्षितांकडूनही ऐकू येतो. मला तो मान्य नाही. आपल्या बोलण्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजून जो पडद्यावर उभा राहिला, त्याच्याइतका उत्तरदायी जाहिरातदार मला दुसरा दाखवावा. त्या हास्यात निर्दयता होती, हे खरे; परंतु एकच दृश्य शेकडो वेळा, तेही परक्या भाषेत आणि परक्या आवाजात दाखवल्याने त्याची धार बोथट झाली, याचाही दोष त्यात आहे, आणि तो योजना आखणाऱ्यांच्या पदरी घातला पाहिजे.

1993 पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात 2016 पासून मुक्तिपथ अभियान दारूबरोबर तंबाखूविरुद्धही गावोगाव झटत आहे, आणि त्याचे बळ भित्तिपत्रकापेक्षा गावातल्या बायांच्या संघटनेत अधिक आहे, असे मला वाटते. त्याच न्यायाने खर्ऱ्याविरुद्धचा शब्द राजधानीत न घडता झाडीबोलीत घडावा, आणि ज्याला गाव ओळखते त्या नटाच्या तोंडून यावा. मध्यरात्र उलटून मध्यंतर होते, मंडपातले पुरुष चादरी सावरत बाहेर येतात, कंदिलाएवढ्या दिव्याखाली ठेलेवाल्याचा हात पन्नीवर चालू लागतो, आणि नेमका त्याच्याच डोक्यावर, बांबूला, नाटकाचा भोंगा बांधलेला असतो. त्या पंधरा मिनिटांत आज त्यावरून सिनेमाची गाणी वाजतात.