पॉलीबाईंची वही

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम नावाचं लहानसं गाव आहे. भोवती दाट झाडी, झाडीत हरणं आणि उंदीर. तिथे पॉली मरे या चित्रकार बाई नवरा आणि चार मुलांसह राहत.

त्या घराला दुखणं सोडीना. आज एकाचा गुडघा सुजे, उद्या दुसऱ्याचा. ताप, डोकेदुखी, अंगावर चट्टे. तपासणीत काही सापडेना, तेव्हा बाईंनाच ऐकावं लागे, ‘हे तुमच्या मनाचे खेळ!’ पण बाई टिपत राहिल्या: कोणाला, कधी, काय झालं. हळूहळू शेजारपाजारची दुखणीही त्यात आली.

1975 साली त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्याच सुमारास आणखी एका आईनेही केला. खात्यातल्या डेव्हिड स्नायडमन यांनी तो झटकला नाही. त्यांनी येल विद्यापीठातल्या ॲलन स्टीअर यांना गाठलं आणि बाई आपली यादी घेऊन येलला पोहोचल्या.

स्टीअर यांनी लाइम आणि शेजारची गावं पालथी घातली. 51 रुग्ण निघाले, त्यांत 39 मुलं. काही रस्त्यांवर तर दहांत एक मूल आजारी! दुखणं बहुधा उन्हाळ्यात सुरू होई आणि काहींना आधी पसरत जाणारा लाल चट्टा आठवत होता. म्हणजे काहीतरी चावत होतं. संशय गोचिडीवर गेला.

1981 साली विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखे जिवाणू दिसले. पिल्लू गोचीड उंदराच्या रक्ताबरोबर ते पिते आणि पुढे माणसाला चिकटली की त्याच्या अंगात सोडते. ती असते खसखशीएवढी. चावलेलं कळतही नाही. वेळेत ओळखलं, तर प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

जिवाणूला संशोधकाचं नाव मिळालं, आजाराला गावाचं. पण दोन्हींचा माग निघाला तो एका आईच्या नोंदींतून. सूक्ष्मदर्शकाला जिवाणू दिसण्याआधी तिला आजार दिसला होता.

तात्पर्य : ज्याचं जळतं त्याला कळतं, पण इतरांना कळायचं, तर सोसणाऱ्याने टिपून ठेवावं आणि जाणत्याने आधी ऐकून घ्यावं.