पाहुण्यासारखं जावं



प्रकाशा गावी तापी आणि गोमाई नद्यांचा संगम आहे. काठावर केदारेश्वराचं मंदिर आहे. दर्शनाला आलेली माणसं पायरीपाशी चपला काढतात. बोलता बोलता आवाज खाली येतो. जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चमध्ये शिरतानाही आवाज असाच खाली येतो. देव आपला असो वा शेजाऱ्याचा, माणूस सांभाळून वागतो. पाहुण्यासारखा वागतो.

पण हीच माणसं गडावर जातात, तेव्हा तटाच्या दगडावर खिळ्यानं स्वतःचं नाव कोरतात. तो दगड कुणी घडवला, कुणी डोक्यावरून वर चढवला, त्यांची नावं कुठेच नाहीत. मग आपलंच नाव तिथे कशाला?

तोरणमाळला यशवंत तलाव पाहायला आपण हौसेनं जातो. वाटेत पावरा, भिल्ल बांधवांची घरं लागतात. अंगणात आजी धान्य पाखडत असते. न विचारता तिचा फोटो काढावा का? आधी राम राम करावा. परवानगी घ्यावी. पाहुण्यासारखं जावं.

आणि आपलं नंदुरबार? 1942 साली तिरंगा हाती घेऊन शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा इथेच गोळ्या झेलून हुतात्मा झाला. त्याच्या स्मारकावरून आपण रोज घाईनं जातो. गावातल्या गावातही कधी पाहुण्यासारखं जावं.

श्रोतेहो, जागा पाहणं सोपं असतं. जागेचा मान राखणं, हा संस्कार असतो. या सुट्टीत मुलांना कुठेही न्या, एवढं मात्र निघतानाच सांगा: पाहुण्यासारखं जावं.