कालची किल्ली, आजचं कुलूप

पुण्यातल्या दोन भावंडांचा मामा टोकियोत नोकरीला होता. तिथल्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथेच त्याचं बिऱ्हाड. २००७ च्या दिवाळीत तो आला, तेव्हा अकिहाबाराच्या बाजारातून भाच्यासाठी गेम खेळायचं यंत्र, निन्टेंडो कंपनीचा डीएस लाइट, घेऊन आला. पुढे कुणी अमेरिकेहून गेमचं कार्ड आणलं, कुणी लंडनहून पाठवलं. डीएसने सगळी कार्डं बिनतक्रार चालवली, कारण त्याच्या गेमना रीजन लॉक, म्हणजे एका भागातलं कार्ड दुसऱ्या भागातल्या यंत्रात चालू न देणारं कुलूप, नव्हता. दादाने मनाशी पक्कं केलं : जपानी यंत्रात जगातलं कुठलंही कार्ड चालतं.

२६ फेब्रुवारी २०११ रोजी जपानमध्ये त्याच कंपनीचा नवा थ्रीडीएस आला. किंमत २५,००० येन. ऑगस्टमध्ये ती एकदम १५,००० वर उतरली आणि दादाने मामाला फोन लावला.

धाकटी बहीण शेजारीच होती. "दादा, यात बाहेरची कार्डं चालतात का, ते आधी विचार ना."

"डीएसमध्ये चालली, मग यात का नाही चालणार?"

दिवाळीला यंत्र घरी आलं. डीएसची जुनी कार्डं लगेच सुरू झाली, तशी दादाची खात्री आणखीच वाढली. मग त्याने अमेरिकेहून मागवलेलं थ्रीडीएसचं कोरं कार्ड खाचेत सरकवलं. कार्ड नीट बसलं, पण गेम सुरू होईना. काढलं, पुसलं, पुन्हा घातलं; काही उपयोग नाही. मेनू सगळा जपानीत, आणि भाषा बदलायची सोयच नाही.

दुरुस्तीवाल्याने यंत्र हातात घेतलं आणि न उघडताच परत दिलं. "यंत्र ठणठणीत आहे. याच्यात जपानचा कोड आहे, तुमच्या कार्डावर अमेरिकेचा. दोन्ही जुळले तरच गेम सुरू होतो. डीएसच्या गेमना ही तपासणी नव्हती, म्हणून ते अजूनही चालतात."

कुलूप मुद्दाम घातलेलं होतं. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पुढे त्याची कारणं सांगितली : देशोदेशी लोकांना काय रुचतं ते वेगळं, कायद्याची बंधनं वेगळी, खेळांचे वयोगट ठरवण्याचे नियमही वेगळे. ती कारणं पटोत न पटोत, दादाचं कार्ड मात्र डबीतच राहिलं.

दादाने आता दुसरी गाठ बांधली : जपानचं यंत्र पुन्हा घरात आणायचं नाही.

३ मार्च २०१७ रोजी कंपनीचं नवं यंत्र, स्विच, बाजारात आलं. मामाने आपणहून विचारलं, "आणू का रे?" दादाने साफ नकार दिला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण दादाने ताकाकडे पाहायचंच सोडलं होतं. बहीण मात्र मामाशी अर्धा तास बोलत बसली. मेनू इंग्रजीत होतो का? बाहेरचं कार्ड चालतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, कारण या वेळी कंपनीने खेळांवरचा रीजन लॉक काढून टाकला होता. तिने पैसे साठवले आणि स्विच मागवला. पुढची कित्येक वर्षं दादा तिच्याकडून मागून खेळला.

५ जून २०२५ रोजी स्विच २ आला. जपानमध्ये त्याचे दोन प्रकार निघाले : एक ४९,९८० येनचा, दुसरा ६९,९८० चा. दोघांत सरळ वीस हजार येनचा फरक. दादाचा हात फोनकडे गेला. "स्विच तर सगळीकडे चालतो. मामाला सांगतो, स्वस्तातला घे."

बहीण काहीच बोलली नाही. पण दादाला स्वतःचंच जुनं वाक्य आठवलं असावं. फोन लागल्यावर तो म्हणाला, "मामा, घाई नाही. आधी एवढं सांग, स्वस्तातला स्वस्त का आहे?"

मामाने कंपनीची सूचना वाचून दाखवली. स्वस्त प्रकारात यंत्राची भाषा फक्त जपानी, आणि ज्या खात्याचा देश जपान असेल तेच खातं त्याला जोडता येतं. शिवाय जपानच्या ऑनलाइन दुकानात परदेशी क्रेडिट कार्डं घेणं मार्चमध्येच बंद झालं होतं. जपानी वाचणाऱ्या, जपानात राहणाऱ्या घरासाठी तो सौदा उत्तम होता. दादाचं खातं अमेरिकेच्या नावावर, आणि त्याला जपानी अक्षरही येत नव्हतं.

"मग अनेक भाषांचा बघ," दादा म्हणाला. "तो मिळेपर्यंत थांबतो. पैसेही तोवर जमतील."

पहिल्यांदा दादा फसला तो विश्वासाने, दुसऱ्यांदा मुकला तो धास्तीने. दोन्ही वेळा त्याने समोरची वस्तू पाहिलीच नव्हती. आधीच्या वस्तूवरून तिचा निकाल लावून टाकला होता. बहिणीकडे त्याच्याहून जास्त माहिती नव्हती. ती फक्त दर वेळी नव्याने विचारत होती.

तात्पर्य : अनुभव आपल्याला काय विचारायचं ते शिकवतो. उत्तर मात्र प्रत्येक नव्या वस्तूकडूनच घ्यावं लागतं.